खड्डे मोजणारे साडू

वर्धा जिल्ह्यात उभं असलेलं एकही झाड माझ्या साडूंच्या तावडीतून सुटलेलं नाही, आणि त्या झाडाच्या सालीत काय दडलंय हे ऐकल्याशिवाय एकही माणूस त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. मी तर सुटणं शक्यच नव्हतं. आम्ही एकाच घरचे जावई. त्यांनी थोरली केली, मी धाकटी. ते वर्ध्याला औषधनिर्माण शिकवणारे प्राध्यापक, मी हिंगणघाटचा कापड दुकानदार. सासरी एका पंगतीला बसलो की ते बोलतात आणि मी वाढलेलं खातो, अशी आमची कामाची वाटणी गेली पंधरा-सोळा वर्षं बिनबोभाट चालू आहे. सुरुवातीला मला त्यांचा हेवा वाटायचा, हे इथे कबूल करून टाकतो. पहिली पुरणपोळी त्यांच्या ताटात पडायची. ते थोरले म्हणून पडली असती तर माझी तक्रार नव्हती, पण ती पडायची ते ‘शोध लावतात’ म्हणून. मी काय, नुसता कापड फाडतो.

त्यांचा शोध हाडाविषयी आहे. तुमची-माझी समजूत अशी असते की हाड एकदा वाढलं की वाढलं, पुढे ते घराच्या तुळईसारखं मुकाट्याने भार सोसत पडून राहतं. हे वाक्य साडूंना ऐकवून पाहा. ते हातातला चहा आधी सुरक्षित जागी ठेवतात आणि मग तुमच्यावर धावून येतात. हाडात म्हणे सारखं काम चाललेलं असतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही पेशी त्या जागी नवं बांधतात. खाणाऱ्यांना साडू उधई, म्हणजे वाळवी, म्हणतात आणि बांधणाऱ्यांना मिस्त्री. त्यांची खरी नावं लांबलचक आहेत, ती मला एकदा पाठ झाली होती, पण दिवाळीच्या गर्दीत विसरलो. “उधई वाईट नाई, साडूभाऊ,” ते मला बजावतात. “जुनं काढल्याशिवाय नवं कसं बसन? पण कुठी सूज आली का ते उधईले आवतन धाडते. अन् सूज हटलीच नाई तं आवतनावर आवतन.” मग मिस्त्री बांधतात त्याच्यापेक्षा जास्त उधई खाते. हिरड्या सुजल्या तर दाताखालचं हाड जातं आणि दात हलतो. संधिवाताच्या एका जातीत बोटांच्या सांध्यातलं हाड जातं. आणि काही झाडांच्या मुळांत, सालींत, फळांत असे पदार्थ असतात की जे हे आवतन अर्ध्या वाटेतच अडवतात. साडूंचं म्हणणं एवढंच आहे. एवढंच सांगायला त्यांना दीड तास लागतो, कारण त्यात वाट्या, चमचे, तांब्या आणि जवळ बसलेल्या माणसाचा खांदा हे सगळं वापरावं लागतं.

त्यांचा शर्ट मी शंभर शर्टांत ओळखीन. दर दिवाळीला मी त्यांना चांगल्यातला शर्टपीस देतो आणि संक्रांतीपर्यंत त्याचा खिसा जांभळा, हिरवा नाहीतर विटकरी झालेला असतो, कारण जिथे आपण पेन ठेवतो तिथे ते डाळिंबाची साल ठेवतात. माझ्या दुकानात मात्र त्यांना शर्टिंगमध्ये अजिबात रस नाही. त्यांचं प्रेम मांजरपाटावर. काढे गाळायला त्यांना एका विशिष्ट विणीचा मांजरपाट लागतो. दुकानात आले की ते ठाण उलगडून थेट रस्त्यावर नेतात, उन्हात डोळ्यासमोर धरतात आणि धागे मोजतात. साडी बघायला आलेल्या बायका साडी सोडून त्यांच्याकडे बघत बसतात. मग साडू त्यांच्याकडे वळतात आणि मांजरपाटातून काय गाळायचं आहे ते सांगू लागतात. त्या दिवशी माझ्याकडे साड्या कमी खपतात, पण बेहड्याच्या सालीविषयी गावात चर्चा फार होते.

समुद्रपूरच्या एसटीत तर त्यांनी कमालच केली होती. आम्ही दोघं सासरी निघालो होतो. खिडकीतून त्यांना एका काटेरी कुंपणावर चौकोनी कांड्यांची वेल दिसली. ती हाडजोड. गाडी थांबवायचं कारण म्हणून वेल सांगून चालणार नाही, एवढं व्यवहारज्ञान त्यांना आहे. त्यांनी पोट धरलं, कंडक्टरला मळमळतंय म्हणून सांगितलं आणि गाडी थांबताच असे धावले की मीही घाबरलो. पाच मिनिटांनी परत आले ते हातभर वेल गळ्यात घालून, तोंडावर दिग्विजय. कंडक्टर सज्जन होता. त्याने फक्त एवढंच विचारलं की सर, मळमळ तिथेच ठेवून आले की सोबत आणली. साडूंना टोमणे कळत नाहीत. त्यांनी त्याला जवळ बसवून त्या वेलीत काय आहे ते पुढच्या तीन थांब्यांपर्यंत समजावलं, आणि उतरताना त्या भल्या माणसाने स्वतःच्या गुडघ्याविषयी दोन प्रश्नही विचारले.

लग्नकार्यात त्यांना सांभाळणं हे वेगळंच काम आहे. लोक हसले की आपल्याला बरं वाटतं. साडूंना हिरड्या दिसतात. एका लग्नात आहेर करायला ते मंचावर चढले, नवरदेव तोंड भरून हसला आणि साडू खाली उतरायलाच तयार होईनात. फोटोग्राफर ओरडतोय, मागे रांग लागलेली, आणि हे नवरदेवाला विचारताहेत की ब्रश करताना रक्त येतं का. रक्त येत होतं. तो मुलगा पुढच्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि आज त्याचे सगळे दात जागेवर आहेत, म्हणून ते घर साडूंना अजून मानतं. फोटोत मात्र नवरदेवाचा जबडा साडूंच्या हातात आहे आणि नवरी दुसरीकडे बघते आहे.

पण हा माणूस नुसता वारा भरलेला फुगा असेल असं समजू नका. मीही तसं समजत होतो, एकदा त्यांची प्रयोगशाळा पाहीपर्यंत. तिथे बशा असतात. म्हणजे त्यांचं नाव वेगळं आहे, पण दिसतात झाकणाच्या बशीसारख्या. त्यात हाडाची कागदाहून पातळ चकती, तिच्यावर उंदराच्या हाडातून काढलेली ती उधई, आणि काही बशांत झाडाचा अर्क. उधई हाड खाते तिथे खड्डा पडतो. साडूंचं काम सूक्ष्मदर्शकाखाली खड्डे मोजायचं. मी डोळा लावून पाहिलं तर थेट आमच्या बाजूचा पावसाळ्यानंतरचा रस्ता. ते प्रत्येक चकती तीनदा मोजतात, मग कुठल्या बशीत औषध आहे हे न सांगता दुसऱ्याकडून मोजून घेतात आणि आकडे जुळले नाहीत तर सगळं फेकून देतात. एकदा एका अर्काने खड्डे जवळजवळ शून्यावर आणले. साडू नाचले. शब्दशः नाचले, आणि कॉलेजात पेढे वाटले. आठवड्याभराने त्यांच्या लक्षात आलं की अर्क फार कडक झाल्यामुळे बशीतली उधई मेली होती, आणि शेजारच्या बशीतले मिस्त्रीही मेले होते. ज्याला ज्याला पेढा दिला होता त्या प्रत्येकाकडे जाऊन त्यांनी आपला शोध खोटा असल्याचं सांगितलं. शिपायालासुद्धा. पेढे परत मागितले नाहीत, एवढंच.

असा हा माणूस. उत्साह आधी, शहानिशा नंतर, पण शहानिशा पुरेपूर. घोटाळा झाला तो या दोहोंच्या मधल्या वेळात.

आमचं सासर वायगावच्या हळदीच्या पट्ट्यात. फेब्रुवारी-मार्चला गावात पाऊल टाकलं की कढयांची वाफ आणि अंगणाअंगणात वाळत घातलेली हळद. त्या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत आम्ही दोघं जेवायला होतो. साडूंच्या बशांनी नुकताच कौल दिला होता की हळदीतला पिवळा पदार्थ आवतन अडवतो, आणि हे तीनदा मोजून, दुसऱ्याकडून मोजून घेऊन. त्यांना घास गिळवेना. अंगणाकडे बोट दाखवून ते म्हणाले की अख्खं जग जे शोधून राह्यलं ते तुमच्या अंगणात वाळून राह्यलं, आई. बोटांच्या हाडाले हेच वाचवन.

सासूबाई तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. आमच्या सासरची ही रीत सांगायला हवी. थोरल्या जावयासमोर सासू येत नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीआडून बोलते, आणि जावयाचा शब्द खाली पडू देत नाही. माझ्याशी त्या समोरासमोर बोलतात, कारण मी जावई असलो तरी आधी दुकानदार, आणि दुकानदारापुढे कोण लाजतं. सासूबाईंना तोच संधिवात होता, हाड खाणारा. वर्ध्याच्या दवाखान्यातून आठवड्याला एक गोळी चालू होती, दर सोमवारी. ती घेतली की त्या स्वयंपाक करायच्या, अंगण सारवायच्या, हळद निवडायच्या.

जेवण झाल्यावर साडू हात धुवायला मागच्या अंगणात गेले. मी तांब्याने पाणी घालत होतो. तेव्हा त्यांनी नेहमीची पुरवणी जोडली, की हे सगळं बशीतलं आहे, खाल्लेली हळद रक्तात फारशी पोचतच नाही, माणसाच्या कामी यायला अजून किती वर्षं लागतील कोण जाणे, आणि तोवर डॉक्टरची गोळी ती गोळी. ही पुरवणी ते प्रामाणिकपणे दर वेळी जोडतात. फक्त ती हात धुताना जोडतात. ऐकायला मी एकटा होतो, आणि मला काही संधिवात नव्हता.

मे महिन्यात सासूबाईंनी दोन्ही जावयांना रसाला बोलावलं. आमच्याकडे आंबे आले की जावयाला रसाची पंगत झालीच पाहिजे. रस सासूच्या हातचा लागतो, म्हणून त्या दिवशी वाढायला त्या स्वतः आल्या, पदर नाकापर्यंत ओढून. साडूंच्या वाटीत रस घालताना त्यांच्या हातातून अख्खं भांडं सुटलं आणि साडू गळ्यापासून गुडघ्यापर्यंत आंब्यात न्हाले. मी हसलो. बायको हसली. मी दिलेला शर्ट या वेळी सालीऐवजी रसाने रंगलेला पाहून मला तर हसू आवरेना. साडू हसले नाहीत. ते सासूबाईंच्या हातांकडे बघत होते. मग ते तसेच उठले, रस ठिबकत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेले, सासूबाईंचा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहू लागले. सासूबाई शरमेनं भिंतीकडे वळल्या. साडूंनी विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली.

“हयद शिजवली तवापासून नाई घेतली,” त्या भिंतीला म्हणाल्या. “सकाळ-सांज दुधात हयद घेऊन राह्यली ना मी. तुमीच तं सांगतलं, जवाईबापू.”

साडू तिथेच खाली बसले. मी या माणसाला बोलताना अडवायचे शेकडो उपाय केले होते, त्यातला एकही लागू पडला नव्हता. त्या दिवशी त्यांची वाचाच गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हाताचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. बोटांच्या हाडांच्या टोकाशी, सांध्यांच्या कडेला हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण खड्डे मला ओळखता येतात, ते शिकवणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता. त्याने मोजले नाहीत. त्याने फोटोकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला. डॉक्टर म्हणाले की गेलं ते भरून येणार नाही. गोळी परत सुरू करू, उरलेलं टिकेल.

वर्ध्याला थोरल्या जावयाच्या घरी राहणं रीतीत बसेना, म्हणून उपचारासाठी सासूबाई हिंगणघाटला आमच्याकडे राहायला आल्या. साडू तिसऱ्या दिवशी आले आणि चौकटीबाहेर उभं राहून म्हणाले, “मायाजवळ औषध नाई, आई. मायाजवळ बशी हाय, अन् बशीतलं माणसात खरं निघनच असं नाई. मी तुमाले अर्धंच सांगतलं.” मग आतून सासूबाईंनी स्वतःच्या बोटांचं सोडून भलतंच विचारलं, की मग त्या दोघी बायांना आता काय सांगू. जावयाने औषध काढलं या कौतुकात त्यांनी गावातल्या दोन दुखणेकरी बायांना हळदीच्या पुड्या बांधून दिल्या होत्या आणि गोळ्या सोडायला सांगितल्या होत्या.

साडूंनी मला स्कूटर काढायला लावली. ऊन असं की रस्ता चटके देत होता. आपल्याकडे औषध नाही हे सांगायला घरोघर फिरणारा शास्त्रज्ञ मी तरी दुसरा पाहिला नाही. पहिल्या बाईने खरंच गोळी सोडली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, डबा उघडला आणि आमच्यासमोर गोळ्या मोकळ्या करून चुलत सुनेला दाखवल्या, यातली कोणती ती सांग म्हणून. दुसरी बाई खमकी होती. “हयद तं मी जलमभर खाल्ली, प्रोफेसर,” ती म्हणाली. “हाडं दुखाचे ते दुखलेच. मी काई गोयी सोडली नाई.” साडूंनी त्या बाईला वाकून नमस्कार केला. मला वाटतं, त्या उन्हाळ्यात त्यांना मिळालेला तेवढाच दिलासा.

त्यानंतर साडू गप्प झाले. सुरुवातीला मला सुख वाटलं. पंगतीत मी बोलू लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. मांजरपाट न्यायला ते येईनात. माझ्या थोरल्या मेहुणीचा फोन आला, रडकुंडीला आलेली. म्हणाली, हे झाडाखालून सरळ चालत जातात, वर बघतसुद्धा नाहीत. पुढे कळलं की बशा बंद करून नुसतं शिकवायचं त्यांनी ठरवलंय आणि तसा अर्जही लिहून ठेवलाय. ज्या माणसाला गप्प बसवायला मी पंधरा वर्षं देवाला साकडं घातलं, त्याने बोलावं म्हणून मी आता अस्वस्थ होतो, याचं मलाच आश्चर्य वाटत होतं. मी बाभळीची शेंग मुद्दाम काउंटरवर ठेवली. ते आले, चहा प्यायले आणि गेले.

दिवाळीत सगळे आमच्याकडे जमले. भाऊबीजेनंतरचा सोमवार होता. जेवणं झाली, साडू पानाला चुना लावत खाली मान घालून बसले होते. सासूबाई आतून आल्या. दारात थांबल्या नाहीत. बैठकीत आल्या, थोरल्या जावयासमोर सतरंजीवर बसल्या आणि डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केला. आम्ही सगळे बघतच राहिलो. तळहातावर गोळी होती. वाकड्या बोटांनी ती त्यांना उचलता येईना, म्हणून त्यांनी तळहातच तोंडाला लावला, वर पाणी प्यायल्या आणि साडूंकडे सरळ पाहिलं.

“गोयी घेतली मी. आता सांगा.”

साडू म्हणाले, काय सांगू आई, काही नाही सांगण्यासारखं. सासूबाईंनी ओच्यातून निर्गुडीची एक डहाळी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. शेजारच्या कुंपणावरून आणली होती. सुजलेल्या सांध्याला आमची माय हिचा शेक द्यायची, हिच्यात काय असतं ते सांगा, म्हणाल्या. साडूंनी डहाळीकडे पाहिलं. हात लावला नाही. मग लावला. पान चुरगाळून वास घेतला, आणि फार हळू आवाजात सुरुवात केली, की हे बशीतलं आहे, माणसातलं नाही. पुरवणी आधी. सासूबाईंनी मान हलवली. मग ते पुढे गेले, मग आणखी पुढे, आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी पानदान उधईसाठी आणि अडकित्ता मिस्त्रीसाठी मागून घेतला. माझी मेहुणी तोंडाला पदर लावून आत गेली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. एवढ्यात मधेच थांबवून सासूबाईंनी विचारलं, “हे माणसात कवा येईन? मी असेस्तोर येईन का?”

साडूंनी अडकित्ता खाली ठेवला. “नाई, आई,” ते म्हणाले.

“बरं. मंग पुढं सांगा.”

अर्जाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, पण पंधरा दिवसांनी ते दुकानात आले आणि ठाण घेऊन उन्हात गेले.

आता दर सोमवारी माझं दुकान बंद असतं आणि सासूबाईंची गोळी असते. ती घेतली की त्या वर्ध्याला फोन लावायला सांगतात. पलीकडून साडू सुरू होतात. तीन-तीनदा मोजलेले खड्डे, कुठल्या अर्काने दगा दिला, कुठल्याने थोडी आशा दाखवली, आणि बहुतेक वेळा, की या आठवड्यात काहीच निघालं नाही. सासूबाई हूं हूं करत ऐकतात आणि मधूनच असा एखादा प्रश्न विचारतात की पलीकडे साडूंना वही उघडावी लागते. त्यांची बोटं आता सरळ होणार नाहीत, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. फोन त्यांना धरता येत नाही, म्हणून तो त्यांच्या कानाशी मी धरतो. अर्ध्या तासाने माझा हात अवघडतो, खांदा दुखायला लागतो, पण त्या ऐकत असतात तोवर मी हात हलवत नाही.